दिलेला नंबर परत दुसऱ्याला देता कसा?

डेटाबेसने मला एक ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे माझ्या व्यवहाराचा नंबर, दिला. मी तो माझ्याकडे टिपून ठेवला. सर्व्हर कोसळला, परत उठला, आणि उठल्यावर त्याने तोच आयडी भलत्याच कुणाच्या ट्रान्झॅक्शनला देऊन टाकला. मग मी विचारलं, या नंबरचं काय झालं? उत्तर आलं: कमिटेड, म्हणजे काम पक्कं नोंदलं गेलं. माझं काम झालेलंच नाही. नंबर माझा, आणि उत्तर दुसऱ्याच्या कामाचं. संताप होणार नाही तर काय होईल?

हे मी पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल बोलतोय. पोट त्याच्यावरच चाललंय माझं, आणि लोकांना ‘डोळे मिटून हेच घ्या’ असं सांगणाऱ्यांतला मी आहे. म्हणूनच हे जास्त लागतं.

मूळ दुखणं आधी सांगतो, कारण ते या धंद्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरला ‘कमिट’ म्हणतो आणि उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटतं. झालं की नाही झालं? दोन्ही शक्य आहे. परत पाठवावं तर कदाचित दोनदा होईल, सोडून द्यावं तर कदाचित एकदाही झालेलं नसेल. यूपीआयवर पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं आणि दुकानदार आपल्या तोंडाकडे बघत उभा असतो, तेव्हा जी घालमेल होते ती हीच. हा प्रश्न इतका खरा आहे की रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावर नियम करावे लागले: यूपीआयवर एकाच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत करा, नाहीतर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्या. अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची किंमत कुणीतरी माणूस मोजत असतो, म्हणून मी एवढा तावातावाने बोलतोय.

पोस्टग्रेसच्या २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत यासाठी एक फंक्शन आलं, टीएक्सआयडी_स्टेटस. पुढे १३ व्या आवृत्तीत त्याला नवं नाव मिळालं, पण काम तेच. आपला ट्रान्झॅक्शन आयडी त्याला द्यायचा, ते सांगतं: चालू आहे, कमिट झालं, की रद्द झालं. दस्तऐवजातच उपयोग लिहिलाय की कमिट चालू असताना ॲप्लिकेशन आणि सर्व्हर यांची ताटातूट झाली, तर आपल्या ट्रान्झॅक्शनचं काय झालं हे शोधायला हे वापरा. वाचून मला केवढा आनंद झाला होता! काम सुरू करताना आयडी मागून घ्यायचा, आपल्याकडे जपून ठेवायचा, कनेक्शन तुटलं की परत जोडायचं आणि विचारायचं. सरळ मार्ग.

सरळ आहे, पण नुसती तार तुटली असेल तरच. सर्व्हरच कोसळला असेल तर त्या मार्गावर खड्डा आहे.

तो आयडी येतो कुठून ते बघा. पुढचा नंबर मेमरीतल्या एका काउंटरवर असतो. ट्रान्झॅक्शनने मागितला की काउंटर एकाने पुढे सरकतो आणि नंबर हातात पडतो. त्या क्षणी डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. ट्रान्झॅक्शनने काही बदल केले की त्यांच्या नोंदी राइट-अहेड लॉगमध्ये, थोडक्यात वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत जातात, आणि त्या नोंदींवर हा नंबर असतो. पण त्याही आधी मेमरीतल्या बफरमध्येच बसतात. डिस्कवर पक्क्या होतात त्या कमिटच्या वेळी, किंवा मागे चालणारा वॉल रायटर अधूनमधून त्या ढकलतो तेव्हा. त्याची ठरलेली विश्रांती २०० मिलिसेकंदांची. त्याआधी सर्व्हर कोसळला तर बफर गेला. रिकव्हरीच्या वेळी, म्हणजे परत उठताना, सर्व्हर शेवटच्या चेकपॉइंटमधला (डिस्कवर अधूनमधून मारलेल्या खुणेतला) काउंटर उचलतो, पुढचा वॉल वाचतो, त्यात दिसलेल्या सगळ्यात मोठ्या नंबरच्या पुढे काउंटर नेऊन ठेवतो, आणि तिथून वाटप परत सुरू. तुमचा नंबर वॉलमध्ये पोचलाच नव्हता, म्हणजे सर्व्हरच्या लेखी तो कधी दिलाच नव्हता.

दवाखान्यात बाहेरच्या माणसाने तुम्हाला १७ नंबरचं टोकन दिलं, वहीत लिहिलं नाही, तेवढ्यात त्याची पाळी संपली, आणि नव्या माणसाने वही बघून पुढच्या पेशंटलाही १७ च दिलं, असा हा प्रकार आहे.

आणि यातलं सगळ्यात चीड आणणारं पुढे आहे. सर्व्हर उठल्याउठल्या तुम्ही आपल्या आयडीची चौकशी केलीत तर तो एरर देतो, हा आयडी भविष्यातला आहे म्हणून. अहो, भविष्यातला कसा? तुम्हीच दिलात ना मगाशी! थोड्या वेळाने तोच प्रश्न विचारा, उत्तर येईल ‘चालू आहे’, कारण आता तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळालाय. आणखी थोडं थांबा, उत्तर येईल ‘कमिटेड’. एकाच नंबरची तीन उत्तरं, आणि त्यातलं एकही माझ्या कामाबद्दल नाही. एरर आला तर निदान माणूस सावध होतो. पण ‘कमिटेड’ आल्यावर कोण शंका घेईल? ॲप्लिकेशन शांतपणे ऑर्डरवर ‘पूर्ण’ शिक्का मारतं आणि पुढे जातं. त्या ऑर्डरची ओळ टेबलात नसतेच. हे कळतं कधी? ग्राहक ओरडत येतो तेव्हा. मग लॉग उपसत बसा, हिशेब जुळवत बसा, आणि फोनवर एखाद्या वयस्कर दुकानदाराला समजावून सांगा की काका, सिस्टिममध्ये झालंय असं दिसतं पण झालेलं नाही. ते काका शिव्या देत नाहीत, नुसतं विचारतात, ‘मग दिसतं कशाला?’ मला त्यांना द्यायला उत्तर नसतं.

हे कुणासमोर मांडलं की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: ‘अरे, इतकं क्वचित होतं ते, सोड.’ या वाक्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. वीज गेली, मदरबोर्ड जळला, अशाच वेळी सर्व्हर कोसळतो असं यांना वाटतं. लिनक्सवर मेमरी कमी पडली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखादी प्रोसेस उचलून मारतो. पोस्टग्रेसचा एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनचं काम बघणारी प्रोसेस, असा मारला गेला की मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शन्स तोडते, सगळ्यांची सामाईक शेअर्ड मेमरी नव्याने मांडते आणि क्रॅश रिकव्हरी करते. योग्यच करते, कारण शेअर्ड मेमरीत काय बिघडलं असेल सांगता येत नाही. पण त्या मेमरीतच वॉलचे बफर होते! म्हणजे कुणीतरी एक भिकार रिपोर्ट चालवला, सर्व्हर ज्या कंटेनरमध्ये चालतो त्याला मेमरीची मर्यादा तोकडी लावलेली होती, की झाला क्रॅश. याला क्वचित म्हणायचं? महिनाअखेरीला रिपोर्ट काढणाऱ्या कुठल्याही ऑफिसात जाऊन विचारा.

आणि क्वचित असलं तरी काय? ते फंक्शन आहेच मुळी त्या क्वचित क्षणासाठी. कमिटचं उत्तर नीट हातात आलं असेल तेव्हा मला ते लागतच नाही. उत्तर आलं नाही तरच मी त्याच्याकडे जातो, आणि उत्तर न येण्याचं एक मोठं कारण सर्व्हर कोसळणं हेच असतं. नेमकी गरज असते तेव्हाच त्याच्यावर विसंबता येत नाही, हे मी ‘सोड’ म्हणून कसं सोडू?

पोस्टग्रेसचे लोक यामागचा तर्क सांगतात, आणि तो चुकीचा नाही. ज्या नंबरची खूण डिस्कवर कुठेच उरली नाही तो परत वापरल्याने डेटाबेसच्या आतलं काहीही बिघडत नाही. कबूल. आतलं बिघडत नाही. पण तो नंबर तुम्ही बाहेर दिलात. बाहेर देण्यासाठी खास फंक्शन लिहिलंत. तो ६४ बिटांचा करून दिलात, म्हणजे ३२ बिटांचा काउंटर गुंडाळला गेला तरी गोंधळ होऊ नये. एवढी काळजी घेतलेला नंबर बघून बाहेरचा माणूस तो कायमचा आपला आहे असंच समजणार. सिक्वेन्सच्या, म्हणजे क्रमाने आकडे देणाऱ्या काउंटरच्या, फंक्शन्सपाशी दस्तऐवजात स्पष्ट सूचना आहे की नेक्स्टव्हॅल या फंक्शनने मिळालेला पुढचा आकडा डेटाबेसबाहेर कायमचा वापरणार असाल तर आधी ते ट्रान्झॅक्शन कमिट होऊ द्या, कारण क्रॅशनंतर सिक्वेन्स कुठे असेल याची खात्री नाही. ही प्रामाणिक सूचना आहे. तशीच, तितक्याच ठसठशीत शब्दांत, ती ट्रान्झॅक्शन आयडीपाशीही हवी.

हे जमण्यासारखं नाही असंही नाही. पोस्टग्रेस स्वतःच ओआयडी, म्हणजे आतल्या वस्तूंचे ओळखक्रमांक, वाटताना ८,१९२ चा गठ्ठा आधी लॉगमध्ये नोंदवतं आणि मग त्यातले एकेक देतं. क्रॅश झाला तर उरलेले वाया जातात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबीने, म्हणजे डेटा साठवणाऱ्या भागाने, ट्रान्झॅक्शन आयडीसाठी हेच केलंय. दर २५६ नंबरांनी काउंटर डिस्कवरच्या सिस्टिमच्या पानावर लिहायचा, आणि सर्व्हर उठला की वाचलेला आकडा २५६ च्या पुढच्या पटीपर्यंत नेऊन त्यात आणखी ५१२ मिळवून सुरुवात करायची. मधले काही शे नंबर वाया गेले तर गेले. नंबरांना काय पैसे पडतात? ज्याची आठवण पुसट आहे त्याने चार पावलं पुढून सुरुवात करावी, इतकी साधी गोष्ट आहे ही.

पण एवढ्यावरून मायएसक्यूएलवाल्यांनी मान ताठ करायचं कारण नाही. त्यांच्याकडे ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे ओळींना आपोआप पुढचा क्रमांक देणारा, काउंटर ५.७ आवृत्तीपर्यंत नुसता मेमरीत होता. सर्व्हर उठला की टेबलातला सर्वांत मोठा आकडा बघून पुढचा ठरवायचा. शेवटच्या ओळी डिलीट करा, रीस्टार्ट करा, तेच क्रमांक परत. त्यासाठी क्रॅशही लागत नसे! हा बग २००३ साली नोंदला गेला, क्रमांक १९९, आणि दुरुस्त झालेली ८.० आवृत्ती सर्वांच्या हाती आली २०१८ मध्ये. पंधरा वर्षं लोकांनी जुन्या बिलांचे नंबर नव्या बिलांवर बघितले.

आणि त्यांचे जीटीआयडी? ते ट्रान्झॅक्शन्सचे नंबर तर रेप्लिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर (रेप्लिकावर) हुबेहूब प्रत ठेवण्याचा, कणा आहेत, सर्व्हरची ओळख आणि त्यापुढे क्रमांक. पण सिंक_बिनलॉग ही सेटिंग ५.७.७ च्या आधी मुळातच शून्यावर असायची, म्हणजे बायनरी लॉग (रेप्लिकाकडे जाणारी बदलांची नोंद) डिस्कवर कधी पोचवायचा ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर. मशीन बंद पडलं की लॉगचं शेपूट गायब. मुख्य सर्व्हर उठून तेच जीटीआयडी नव्या ट्रान्झॅक्शन्सना देणार, आणि रेप्लिकाकडे ते जुन्या ट्रान्झॅक्शन्सच्या नावाने आधीच पोचलेले. मग रेप्लिका म्हणते, हा मी केलाय, आणि नवं ट्रान्झॅक्शन गुपचूप वगळते. एरर नाही, काही नाही. दोन सर्व्हरवर दोन वेगळी सत्यं. आजही कुणीतरी ‘स्पीड वाढतो’ म्हणून ही सेटिंग परत शून्यावर नेऊन ठेवतो, आणि ते सांगणारे लेख लोक एकमेकांना पाठवतात. अशा लेखाखाली एक ओळ तरी धोक्याची लिहा रे.

पोस्टग्रेसमध्ये याच जातीचा प्रकार फेलओव्हरला, म्हणजे मुख्य सर्व्हर मेल्यावर राखीव सर्व्हरने (स्टँडबायने) जागा घेताना, होतो. रेप्लिकेशन असिंक्रोनस असेल, म्हणजे प्रत पोचायची वाट न बघता कमिट होत असेल, आणि मुख्य सर्व्हर मेला, तर स्टँडबाय त्याच्याकडे पोचलेल्या वॉलपासून पुढे नंबर वाटू लागतो. इथे तर रीतसर कमिट होऊन उत्तर मिळालेल्या ट्रान्झॅक्शन्सचेही नंबर परत निघू शकतात. टाइमलाइन, म्हणजे सर्व्हरच्या इतिहासाच्या फाट्याचा क्रमांक, बदललेली असते, पण आयडीवर टाइमलाइनचा पत्ता नसतो.

मी आता ट्रान्झॅक्शन आयडीवर विसंबून राहणं बंद केलंय. किल्ली मीच बनवतो, ॲप्लिकेशनच्या बाजूला, एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही असा लांबलचक नंबर. एका टेबलात त्यावर युनिक बंधन असतं, म्हणजे तीच किल्ली दोनदा घालता येत नाही, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मूळ कामाबरोबर ती ओळ घालतो. उत्तर आलं नाही तर तीच किल्ली घेऊन तेच काम परत पाठवतो. आधीचं कमिट झालं असेल तर डुप्लिकेटचा एरर येतो. रद्द झालं असेल तर काम नव्याने होतं. आधीचं अजून चालू असेल तर युनिक इंडेक्स मला थांबवून धरतो, त्याचा निकाल लागेपर्यंत. आणि फेलओव्हरमध्ये गेलंच, तर किल्ली आणि काम दोन्ही एकदम जातं; किल्ली आहे पण काम नाही, असं कधी होत नाही.

यासाठी टेबल लागतं, जुन्या किल्ल्या साफ करायचं काम लागतं, दर व्यवहाराला एक लिखाण वाढतं. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं याचं, की नव्याने आलेली पोरं दस्तऐवज वाचून, समजून, जबाबदारीने टीएक्सआयडी_स्टेटस वापरतात आणि तरीही तोंडघशी पडतात. मग वरचा कुणीतरी त्यांनाच झापतो, तुला साधं रिट्राय लिहिता येत नाही म्हणून. त्या पोराने जे छापलंय ते वाचलं होतं. झापायचंच असेल तर रिव्ह्यूमध्ये ‘क्वचित होतं, सोड’ म्हणणाऱ्याला झापा.