नाक दाबलं म्हणून

परवा मित्राकडे 'पॅरासाइट' हा कोरियन सिनेमा पुन्हा पाहिला. संपल्यावर तो म्हणे, "काय बे, एवढं मस्त हसवत होता, अन् शेवटी काऊन एवढी कापाकापी?"

मला नाही पटलं. सुरी निघायच्या कितीतरी आधी तिथे मारामारी सुरू झालेली असते, फक्त रक्त दिसत नाही. पावसाच्या रात्री श्रीमंताघरी नोकरी करणाऱ्या किम कुटुंबाच्या अर्ध्या तळघरात गटाराचं पाणी छातीपर्यंत चढतं. उसळणाऱ्या संडासाच्या झाकणावर बसून पोरगी सिगारेट ओढते. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई गाडीत बसून फोनवर सांगते, पावसानं हवा कशी स्वच्छ झाली! आणि ड्रायव्हरच्या वासानं काच खाली करते. हा ड्रायव्हर म्हणजे घर बुडालेल्या किम कुटुंबाचा बाप. २०२० साली थेटरात आम्ही याला खिदळलो होतो.

मग २३ सप्टेंबर २०२३ उजाडला. नागपुरात रात्रीतून धो-धो पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या घरात. आम्ही तिसऱ्या माळ्यावर. सकाळी उठून मी स्टेटस टाकलं, "काय गारवा! भजी पाहिजेत." मग मावशींना फोन केला, कारण भांडी पडली होती. त्या म्हणाल्या, "दादा, घरात कमरेएवढं पाणी हाय, गहू सारे भिजले." स्टेटस गुपचूप काढलं. (भांडी मात्र डोक्यातून गेली नव्हती, खोटं कशाला बोलू.)

मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या मिरवणुकीत, आपण बडगे (पुतळे) काढतो. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, एखाद्या परदेशी पुढाऱ्याचा. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडायचं, जाळायचं, घरी यायचं. मजा येते, कारण बडग्या नेहमी दुसऱ्याचा असतो. 'पॅरासाइट'चा दिग्दर्शक बाँग जून-हो तो आपल्याच सोफ्यावर आणून बसवतो.

आणि तो शेवट! मालकाला गाडीची किल्ली हवी असते, ती मरणाऱ्या माणसाच्या अंगाखाली अडकलेली. तो किल्ली ओढतो आणि नाक दाबतो. ड्रायव्हरची पोरगी बाजूलाच रक्तात पडलीय, पण ड्रायव्हरचा सुरीचा हात मालकावर उठतो तो त्या नाकाकडे पाहून. हल्ली सिनेमात स्लो मोशनमध्ये मुंडकी उडतात, मागे ढोल वाजतात. घरी येईस्तोवर एकही आठवत नाही. हा एक वार २०२० पासून पुरलाय मला.

मित्र म्हणे, "हाव, तरी जास्तच होतं." बरं बाबा.

पाणी प्यायला आत गेलो, तर त्यांच्या मावशींचा कप खिडकीत वेगळा पालथा ठेवलेला. आमच्याकडेही तो खिडकीतच असतो.