संवेदनशीलतेचं नाटक कसं बसवावं

दिव्यांगांबद्दल पोरांना संवेदनशील करायला नाटक बसवताय? बसवाच, सर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते आपल्या सांगलीत. त्या गावच्या शाळेनं ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, पोरांना नुसतं भाषण ऐकवावं हे शोभत नाही.

आंधळ्या मुलीचं काम वर्गातल्या सगळ्यात गोड मुलीला द्या. काळा गॉगल, पांढरी काठी आणि दोन्ही हात पुढे, झोपेत चालल्यासारखे. तुमच्याच आठवीतली एक मुलगी रोज पांढरी काठी घेऊन स्टँडवरून एकटी चालत येते, पण तिला काही विचारायला जाऊ नका. ‘सर, काठी आहे की हातात, मग हात कशाला पुढे?’ म्हणेल, आणि तालमीचा विचका होईल.

पहिल्या प्रवेशात दुःख, दुसऱ्यात जास्त दुःख, तिसऱ्यात धडधाकट नायक तिला रस्ता ओलांडून देतो (तिला ओलांडायचा होता का, हे संहितेत नाही). शेवटी ऑपरेशन आणि दृष्टी! अपंग माणूस प्रेक्षकांना आवडावा म्हणून त्याचं अपंगत्वच काढून टाकायचं, याला म्हणतात कसब. मधे हशा हवा, तर एक बहिरे आजोबा टाका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, थॅलेसेमिया आहे, अध्ययन अक्षमताही आहे. त्यांना काठी-गॉगलसारखी प्रॉपर्टी लागत नाही, म्हणून ते नाटकात बसत नाहीत. व्हीलचेअर मात्र खरी हवी. सहावीतल्या त्या मुलाची तासाभरासाठी मागून घ्या आणि त्याला पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवा. स्टेजला पाच पायऱ्या, तेव्हा तो वर यायचा प्रश्नच नाही. त्याची खुर्ची तेवढी दोघं जण सहज चढवतात. शाळेची इमारत सर्वांना वावरता येईल अशी करा, असंही तो कायदा सांगतो. पण रॅम्पवर कोण टाळ्या वाजवतं?

प्रयोगानंतर एखाद्या अपंग माणसाशी गप्पा वगैरे ठेवू नका. ‘तुम्ही पेपर कसा लिहिता? कुणी चिडवलं तर काय करता?’ असलं काहीबाही पोरं विचारतात, तो माणूस हसत उत्तरं देतो, आणि इतक्या कष्टानं काढलेलं रडू वाया जातं.

त्यापेक्षा फॉर्म वाटा. प्रश्न एकच: ‘तुमचा दृष्टिकोन सुधारला का?’ पर्याय दोन: ‘हो’ आणि ‘खूप’. डोळे ओले आहेत तोवर भरून घ्या. ‘सहलीला शेजारी कोणाला बसवाल?’ असले प्रश्न नकोत.

आणि पाहुण्यांचे फोटो झाले की व्हीलचेअर तेवढी मोकळी करा. पहिल्या रांगेतला पोरगा मघापासून लघवीला जायचं म्हणतोय.