सिगारेट पुसलेलं तिकीट

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय: तमाशातल्या कलावतींवर टपाल तिकिटं काढावीत का? “काढा, पण फोटो शोभेलसा निवडा,” असं काकांनी लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

शोभेलसा! म्हणजे नऊवारी चालेल, घुंगरू नकोत. फडावरच्या बाईला आधी सोज्वळ करायचं, मग तिकिटावर बसवायचं.

मी लगेच अमेरिकेचा दाखला दिला. (शिकागोत राहतो, त्यामुळे देतोच मी, सवय लागलीय.) १९९४ च्या सप्टेंबरात इथल्या टपाल खात्याने ब्लूज (इथल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी) आणि जॅझ गायकांची २९ सेंटांची तिकिटं काढली. मा रेनी, बेसी स्मिथ, हाउलिन वुल्फ, मडी वॉटर्स. प्रकाशन कुठे, तर ब्लूजच्या मुलखातच, मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिलमध्ये. मडी वॉटर्स तर आमचा शिकागोकर. १९४३ मध्ये मिसिसिपीहून इथे आला. ४३व्या रस्त्याला त्याचं नाव आहे.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. त्याच संचात रॉबर्ट जॉन्सन आहे. सत्ताविसाव्या वर्षी गेला, मागे जेमतेम २९ गाणी. ज्या फोटोवरून त्याचं तिकीट केलं त्यात त्याच्या ओठांत सिगारेट आहे, तिकिटावर नाही. धूम्रपानाचा प्रचार नको म्हणून पुसली. पाच वर्षांनी चित्रकार जॅक्सन पोलॉकचीही तीच गत. म्हणजे काका इथेही आहेत, फक्त सरकारी नोकरीत.

आणि तिकडे भारतात सगळाच अंधार नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांवर २००२ मध्ये तिकीट निघालं. लाल बावटा कलापथकातून तमाशाला लोकनाट्य करून कामगारांपुढे उभं करणारा माणूस! पण तेही मला वादात सोयीचं नव्हतं.

“तू तिकडे बसून शिकवू नकोस, शेवटचा तमाशा कधी पाहिलास?” असं चुलतभावाने विचारलं. एकही नाही. जत्रेत कनात दिसली की आई हात घट्ट धरून पलीकडे न्यायची. ढोलकी ऐकू यायची ती लांबूनच. मडी वॉटर्सला मी बेधडक आपला म्हणतो, कारण तो आवडतो म्हणून इथे मला कुणी वाया गेलेला म्हणत नाही. ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणून पोरांना लांब ठेवणारी देवभोळी कृष्णवर्णीय घरं इथेही होती. पण ती माझी नव्हती.