मित्र कधी व्हावं, साहेब कधी

टीम नुकतीच गळ्यात पडली असेल, तर पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर करून टाका, "मला सर वगैरे म्हणू नका रे, आपण सगळे मित्र." मग खरोखरच नुसत्या नावाने हाक कोण मारतं, ते लक्षात ठेवा. अप्रेझल येतंच आहे.

मैत्रीचा खरा उपयोग नवख्यांना कळत नाही. हुकूम सोडला की समोरचा विचारतो, हे माझ्या कामात बसतं का, कधीपर्यंत हवंय, हातातलं बाजूला ठेवू का? तेच सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी खांद्यावर हात टाकून "यार, एवढं जरा बघशील का? तुझ्याशिवाय कोणाला सांगू?" म्हटलं की एकही प्रश्न येत नाही. रजेचंही तसंच. नाकारायची नाही. "घे की, हक्काची आहे तुझी," म्हणायचं आणि तासाभराने काळजीच्या सुरात, "मग तुझं काम कोण बघेल रे?" बिचारा स्वतःच अर्ज मागे घेतो.

पगारवाढीच्या दिवशी मात्र मित्रही होऊ नका, साहेबही. "माझ्या हातात असतं तर..." एवढं पुटपुटून वर बोट दाखवा. अधिकार गाजवणं कोणालाही जमतं; तो नेमका कधी आपल्याकडे नव्हता हे ठरवायला मुरावं लागतं.

अभ्यासू दिसायचं असेल तर मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं नाव घ्या. त्याने आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. हुकूमशहा म्होरक्या खोलीबाहेर गेला की मुलांचं काम थंडावायचं. सगळ्यांना विचारून ठरवणारा गेला, तरी चालू राहायचं. यातून काही भोळे लोक भलताच अर्थ काढतात. तुम्ही एवढंच घ्या : खोली सोडायची नाही. टीम घरून काम करत असेल, तर नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यावर डोळा ठेवा. तो विझला की लगेच मेसेज, "सगळं ठीक ना? काळजी वाटली."

वर्षातून एकदा "मनमोकळं बोला"ची बैठकही घ्या. कोणीच बोललं नाही, तर टीम समाधानी आहे. कोणी बोललंच, तर त्याला सुधारणा समितीचा प्रमुख नेमा, नेहमीचं काम सांभाळून.

एवढं करूनही एखादा राजीनामा देईल. कारणाच्या रकान्यात तो "वैयक्तिक" लिहील, म्हणजे तुमचा संबंध नाही. निरोपाच्या भाषणात "मित्र गमावला" म्हणा, आवाज थोडा कापू द्या. भेटवस्तूची वर्गणी टीमकडूनच गोळा करा, आणि नोटीस पिरियड एक दिवसानेही कमी करू नका.