डिस्क गेली तरी रजिस्टर जुळतंच

काल कट्ट्यावर अण्णा आले तेच आपल्या सरकारी ऑफिसच्या नावाने बोटं मोडत. डेडस्टॉकचं काम गळ्यात पडलंय, चार कपाटं, अकरा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि एक दांडगा झेरॉक्स, सगळं निर्लेखित करून (म्हणजे रजिस्टरमधून कमी करून) लिलावात काढायचंय, आणि रिटायरमेंटला उरलंय दीड वर्ष. चिप्या (खरं नाव आता आम्हीपण विसरलोय, कॉम्प्युटर रिपेअर करतो) मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. वर न बघताच म्हणाला, "डिस्का काढल्या का?"

"काढायच्या कशाला, आमच्या पोराने सगळ्या फॉर्मॅट मारल्या की."

"क्विक का फुल?"

"ते मला काय माहीत, दोन-दोन मिनिटांत झालं एकेकाचं."

चिप्याने मोबाईल खिशात टाकला, तेव्हाच आम्ही ओळखलं की आता तासभर सुटका नाही. म्हणाला, "अण्णा, दोन मिनिटांत झालं म्हणजे क्विक. हजेरीपटावरून नाव खोडलं म्हणून माणूस मरतो का? कॉम्प्युटर फक्त ही जागा रिकामी असं धरून चालतो, जुनं सगळं तिथेच पडून असतं, त्याच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. फुकटचं सॉफ्टवेअर टाकून कुणीपण वर काढतं." आणि मग आकडा फेकला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोघांनी १५८ सेकंडहँड डिस्का विकत आणून तपासल्या, २००३ मध्ये त्यावर लेख छापला, आणि त्यातल्या नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२.

अण्णा ऐकणारातले नाहीत. "अरे पण आमच्याकडे कसली आलीत गुपितं? आम्ही काय क्षेपणास्त्रं बनवतो?"

यावर चिप्या हसायलाच लागला, कारण त्याच्याकडे नेमकं क्षेपणास्त्राचंच उदाहरण होतं. जर्मन सैन्याचा एक जुना लॅपटॉप २०२० मध्ये ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर ९० युरोला मिळाला आणि त्यात विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेचं मॅन्युअल तसंच होतं. पण मला विचाराल तर अण्णांचा प्रश्नच उलटा होता. क्षेपणास्त्र राहू द्या, साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय असतं? पेन्शनची कागदं, बँकेचे खाते नंबर, मेडिकल सर्टिफिकेटं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तक्रार अर्ज, कुणी कुणाविरुद्ध काय लिहून दिलं ते नाव-पत्त्यासकट. दुकानदाराने फोन नंबर मागितला तर आपण नाही म्हणू शकतो, सरकारी फॉर्मवर स्टार असलेला रकाना रिकामा सोडून बघा बरं. जिथे नाही म्हणायची सोय नाही तिथे सांभाळायची जबाबदारी जास्त, एवढं मी बोललो, बाकी वेळ ऐकत बसलो.

"बरं, झेरॉक्सचं काय केलंत?" चिप्याचा पुढचा प्रश्न.

"झेरॉक्सचं काय करायचंय? तो झेरॉक्स आहे."

इथे मात्र आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं हे कबूल करतो. चिप्याने सांगितलं, ऑफिसातल्या मोठ्या डिजिटल मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते. मागचं कव्हर, चार स्क्रू, एक पत्र्याची पट्टी, आणि आत कॉम्प्युटरमध्ये असते तसलीच साधी डिस्क. कॉपी, स्कॅन, प्रिंट, जे जे मशीनमधून जातं त्याचं चित्र आधी तिथे उतरतं आणि काम झालं तरी पूर्ण पुसलं जाईलच असं नाही. त्याने स्वतः एकदा एक उघडलं होतं, लीज संपून परत आलेलं, कुठल्या ऑफिसचं ते सांगितलं नाही आणि आम्हीपण विचारलं नाही. डिस्क डॉकला (सुटी डिस्क कॉम्प्युटरला जोडायचं खोकं) लावल्यावर पहिलं पान आलं ते कुणाच्या तरी रजेच्या अर्जाचं, कारण म्हणून पोटाच्या ऑपरेशनचं वर्णन, आणि कोपऱ्यात काच पुसताना राहिलेला डागसुद्धा जसाच्या तसा. वर ॲड्रेस बुकात स्कॅन कुठे पाठवायचं त्या फोल्डरचे युजरनेम-पासवर्ड. नवीन मशीनमध्ये डिस्क एन्क्रिप्ट करायची (किल्लीशिवाय वाचताच येऊ नये अशी) किंवा दर कामानंतर पुसायची सोय असते, पण ती चालू आहे का हे सेटिंगमध्ये जाऊन बघावं लागतं, आणि बघतो कोण!

हे काही नवं नाहीये. अमेरिकेत सीबीएस या टीव्ही चॅनेलवाल्यांनी २०१० मध्ये चार वापरलेले कॉपिअर विकत घेऊन दाखवलं होतं, त्यातले दोन बफेलो शहराच्या पोलिसांचे, आणि एकाच्या तर काचेवरच कागद राहिलेले! डिस्क काढायचीपण गरज नाही. चौथं मशीन एका आरोग्य विमा कंपनीचं निघालं, पेशंटची कागदं आतच, त्या कंपनीला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरच्या वर भरावे लागले.

मग मास्तर म्हणाले, मग सरळ घण घाला ना सगळ्यावर, विषय मिटला. आणि दोन मिनिटांनी स्वतःच फिरले, कारण त्यांच्या शाळेला असेच जुने कॉम्प्युटर मिळाले होते आणि सगळ्यांच्या डिस्का काढलेल्या, म्हणजे नुसती खोकी. नव्या डिस्कांना पैसे नाहीत, खोकी अजून वर्गाच्या कोपऱ्यात. यावर जरा जुंपली. आमच्यातला वकील म्हणे सरकारने धोका पत्करूच नये, मास्तर म्हणे मग चालू वस्तू फोडायची का. चिप्याचं म्हणणं, फिरणारी जुनी डिस्क असेल तर एकदा पूर्ण वरून लिहून काढली आणि मग तपासली की बास, ते ३५ वेळा पुसायचं फॅड १९९६ च्या एका पेपरमधून आलं आणि तेव्हाच्या डिस्कांसाठी होतं. एसएसडीचं (न फिरणारी, चिपवाली डिस्क) मात्र वेगळं, ती स्वतःच ठरवते कुठला डेटा कुठल्या चिपवर ठेवायचा, म्हणून वरून लिहिलं तरी जुने तुकडे आत राहू शकतात, तिला तिचीच इरेजची कमांड द्यावी लागते. चुंबक फिरवून एसएसडीचं काही वाकडं होत नाही, आणि ड्रिलने एक भोक पाडलं तर चिप शेजारी सुखरूप. जी डिस्क चालूच होत नाही तिलाच फोडा, चुरा करा. मला हे पटलं. वकिलाला नाही.

वकिलाचा मुद्दा मात्र भारी होता. "पुसली हे कोण सांगणार? सर्टिफिकेट ना? जपानमध्ये काय झालं?" कानागावा प्रांताच्या सर्व्हरच्या डिस्का, भाड्याच्या, मुदत संपली, भाड्याने देणाऱ्या कंपनीने नष्ट करायला दुसऱ्या कंपनीकडे दिल्या, आणि तिथल्याच एका कामगाराने १८ डिस्का ऑनलाइन लिलावात विकून टाकल्या. घेणाऱ्याने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं तर सरकारी फायली! २०१९ च्या डिसेंबरात बाहेर आलं. फॉर्मॅट तर त्यांनीपण मारला होता.

आता अण्णा जरा गप्प झाले होते. मी विचारलं, तुमच्या रजिस्टरला काय लिहिलेलं असतं? म्हणाले, "संगणक संच, नग एक, खरेदी दिनांक, किंमत." डिस्क? "डिस्कची कुठे नोंद असते, ती आतच असते ना." म्हणजे बघा, खुर्चीचा पाय मोडला तरी कागद फिरतो, आणि ज्यात गावभरची माहिती आहे त्या तळहाताएवढ्या वस्तूला नंबरच नाही. लिलावात अकरा संच गेले, रजिस्टरला अकरा वजा झाले, हिशोब जुळला. मधल्या मध्ये डिस्क कुणी काढून घेतली किंवा आत तशीच राहिली, दोन्हीकडे रजिस्टर जुळतंच! डिस्कवर सिरीयल नंबर छापलेला असतो, तो लिहून घ्यायचा, समोर पुसली का फोडली ते लिहायचं आणि दोघांनी सही करायची, अकरा ओळींचं काम आहे.

"ते करतो," अण्णा म्हणाले, "कपाटांना तरी डिस्क नाही. एकाची चावी सापडत नाहीये, ते तसंच वजनावर देऊन टाकू."

वकील आणि चिप्या एकदमच ओरडले, "अण्णा!!"

कारण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, अगदी हेच झालं होतं. सरकारी सामान विकणाऱ्या सेकंडहँड दुकानात दोन जड कपाटं, चाव्या हरवलेल्या म्हणून स्वस्तात गेली, घेणाऱ्याने नंतर ड्रिलने कुलूप फोडलं तर आत मंत्रिमंडळाची गोपनीय कागदपत्रं, जवळपास दहा वर्षांची. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या एबीसी चॅनेलने बातम्या केल्या. कॉम्प्युटरचा संबंधच नाही.

"काय आहे त्या कपाटात?"

"मला काय माहीत, माझ्या आधीच्याच्या आधीच्याने बंद केलंय ते."

शेवटी ठरलं की चिप्याने सोमवारी स्क्रू ड्रायव्हर आणि डॉक घेऊन जायचं, कपाटाला लागली तर ड्रिलपण. चिप्या उठता उठता म्हणाला, "येतो, पण आधी पत्र द्या अण्णा, सही-शिक्क्याचं, नाहीतर उद्या डिस्का मीच चोरल्या म्हणाल."

"पत्र साहेबांच्या सहीने निघतं," अण्णा म्हणाले, "आणि साहेब रजेवर आहेत."