राज्यपाल व्हायचंय ना भाऊ? मग पेनाचं टोपण घट्ट लावा

यंदाही तिकीट कापलं म्हणून तोंड पाडून बसू नका, भाऊ. नागपुरात तिकीट कापलेल्या माणसापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे महाल भागातल्या एखाद्या ओट्यावर बसून आमच्या वेळी पक्ष कसा होता हे पोरांना सांगायचं. दुसरा, राज्यपाल व्हायचं. पहिल्यात तर्री-पोह्याचे पैसेही आपल्याच खिशातून जातात. दुसऱ्यात महिना साडेतीन लाख पगार, राहायला राजभवन (2025 च्या अखेरीपासून त्याचं नाव लोकभवन), मागे गणवेशातला एडीसी म्हणजे दिमतीचा अधिकारी आणि वर कलम 361, म्हणजे पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालवायची सोय नाही.

पात्रतेची काळजी सोडा. भारताचे नागरिक आहात, वयाची 35 वर्षं पूर्ण झाली आहेत, संपलं. प्रभागातून नगरसेवक व्हायला घरातल्या शौचालयाचासुद्धा दाखला जोडावा लागतो. इथे तोही कोणी मागत नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं 1988 मध्ये लिहून ठेवलंय की राज्यपाल हा नामांकित माणूस असावा, राज्याबाहेरचा असावा, नजीकच्या काळात राजकारणात फार गुंतलेला नसावा. अहवाल जाडजूड आहे, उघडू नका. नेमणूक करणाऱ्यांनीही उघडल्याचं दिसत नाही, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

निवडणूक हरलात याची तर लाजच बाळगू नका. पट्टाभि सीतारामय्या 1939 मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंकडून हरले आणि 1952 मध्ये मध्य प्रदेशाचे राज्यपाल म्हणून याच नागपुरात येऊन राहिले. तेव्हा राजधानी आपली होती, बंगलाही आपला होता. आणि अगदी घरचं उदाहरण हवं असेल तर बनवारीलाल पुरोहित आहेत. नागपूरचे खासदार, आधी काँग्रेसकडून, मग भाजपकडून. आणि पुढे 2016 मध्ये आसाम, 2017 मध्ये तामिळनाडू, 2021 मध्ये पंजाब. तेव्हा पक्ष बदललेत म्हणून दार बंद झालं, असं समजायचं कारण नाही.

आता मुख्य विद्या. राज्यपालाचं सगळं सामर्थ्य सही करण्यात असतं असं लोकांना वाटतं. खुळे आहेत. सामर्थ्य सही न करण्यात आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळानं विधान परिषदेतल्या राज्यपालांनी नेमायच्या जागांसाठी बारा नावं राजभवनाकडे पाठवली. तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे. तरी यादी जागची हलली नाही. 2022 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं जुनी यादीच मागे घेतली. बघा, एक शब्द न बोलता, शाईचा एक थेंब न सांडता काम फत्ते!

विधेयकांचंही तेच. घटनेत लिहिलंय, ‘शक्य तितक्या लवकर’. किती लवकर, ते लिहिलेलं नाही. पुरोहितांच्या पंजाबात विधेयकं अडली तेव्हा 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तुम्ही आगीशी खेळताय. तामिळनाडूत दहा विधेयकं अडकली, तेव्हा एप्रिल 2025 मध्ये न्यायालयानं ती मंजूर झाली असं धरूनच टाकलं आणि राज्यपालांना मुदतही घालून दिली. त्या दिवशी तुमच्यासारख्या होतकरू मंडळींच्या घशाला कोरड पडली असेल. पण धीर धरा. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं मत दिलं की न्यायालयाला अशी मुदत घालता येत नाही आणि मंजुरी अशी गृहीतही धरता येत नाही. फारच विनाकारण ताणलंत तर न्यायालय थोडंफार विचारू शकतं, एवढंच. म्हणून कारण एक तयार ठेवा. ‘अभ्यास सुरू आहे’ चालतं.

मात्र हात कायमचा आखडू देऊ नका. कधीकधी तो फार झपाट्यानं चालवावा लागतो. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास शपथविधी उरकला. आपण शेगडीवर चहा ठेवला होता, तोवर सरकार आलंसुद्धा. त्यातून एखादा निर्णय चुकला तरी घाबरू नका. जून 2022 मधला बहुमत चाचणीचा आदेश योग्य नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये सांगितलं. पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिलेला असल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, असंही सांगितलं. आणि आदेश देणारे राज्यपाल त्याच फेब्रुवारीत पायउतार होऊन मोकळे झाले होते. कोणाला विचारणार?

ही सगळी भाजपच्या काळातली कला आहे असा समज करून घेऊ नका. 1984 मध्ये आंध्रात रामलाल यांनी एन. टी. रामारावांचं सरकार घरी पाठवलं होतं. तेव्हा दिल्लीत काँग्रेस होती. महिनाभरात रामाराव परत आले, रामलाल गेले. राज्यपालाचं पद राष्ट्रपतींच्या मर्जीवर असतं, म्हणजे कोणाच्या मर्जीवर ते तुम्ही जाणताच. म्हणून स्वेटर आणि सुती सदरे दोन्ही एकाच बॅगेत भरून ठेवा.

आता नागपूरपुरतं बोलतो, कारण खरी मेख इथेच आहे. राज्यात राजभवनं चार, त्यातलं एक आपल्याकडे. झाडी, मोर, सिव्हिल लाइन्सची शांतता. इथे आलात की शिष्टमंडळं येतील, निवेदनं देतील. निवेदन दोन्ही हातांनी घ्या, फोटो निघेपर्यंत सोडू नका, मग ‘उचित कार्यवाहीस्तव’ असं लिहून राज्य सरकारकडे रवाना करा. दीक्षान्त समारंभात कुलपती म्हणून भाषण ठोका. इतिहासावर बोलायचा मोह मात्र आवरा. कोश्यारींना तो औरंगाबादेत नडला.

आणि एका कागदाकडे चुकूनही पाहू नका: कलम 371, पोटकलम 2. सल्ला ऐकून डोलणारा राज्यपाल अशी ज्या पदाची ख्याती, त्याच्यावर इथे विशेष जबाबदारी टाकलेली आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत समान संधी. दांडेकर समितीनं 1984 मध्ये विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, सुमारे 1,246 कोटींचा मोजला. मंडळं यायला 1994 उजाडलं. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना सिंचनाच्या पैशाचं वाटप कसं करायचं याचे निर्देश निघाले, आणि मुंबईत बऱ्याच जणांना ते रुचले नाहीत. असली उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवाल तर पुढचं राज्य मिळायचं नाही.

30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. राज्यपालांना विशेष जबाबदारी आठवली असेल, नसेल. पण मार्च 2021 मध्ये विधानसभेत अजित पवारांनी जे सांगितलं ते आठवा: ज्या दिवशी बारा नावं जाहीर होतील त्याच दिवशी मंडळंही जाहीर करू. म्हणजे ते बारा आमदार एका पारड्यात आणि अख्खा विदर्भ-मराठवाडा दुसऱ्यात. बारांचं काय झालं ते वर सांगितलंच. तेव्हा विरोधात असलेले फडणवीस म्हणाले, विदर्भ-मराठवाड्याला ओलीस ठेवलंय. मग त्यांचं सरकार आलं, सप्टेंबर 2022 मध्ये मंडळं पुन्हा आणायचा निर्णय मंत्रिमंडळानं केला आणि प्रस्तावाचा रोख दिल्लीकडे वळला. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन येतं, टेकडी रोडवर मोर्चे अडतात, सभागृहात अनुशेषावर घसा कोरडा करतात आणि शेवटच्या दिवशी सगळे मुंबईचं विमान पकडतात. ओलीस कोण, हे विचारायला कुणी थांबत नाही.

तेव्हा भाऊ, अर्ज लगेच करा. तसा अर्जाचा नमुना नाही, पण कोणाच्या कानावर घालायचं हे नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि समजा नाहीच जमलं, राज्यपालपद हुकलं, तर पूर्वी एक बरी सोय असायची. राज्यपाल अशा माणसाला विदर्भ विकास मंडळावर नेमून टाकायचे, गाडी मिळायची, लेटरहेड मिळायचं. तीसुद्धा 30 एप्रिल 2020 ला गेली.