आधी फट बुजवा, मग फिल्टर निवडा

भारतात हवेवरून वाद पेटला की तो दोन टोकांना जाऊन बसतो. एका टोकाला सरकारी उपाय: दिल्लीत कनॉट प्लेसला २०२१ साली उभारलेला २४ मीटर उंचीचा स्मॉग टॉवर, मुंबईत महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमावलीनंतर बांधकामांभोवती उभे राहिलेले पत्रे आणि पाण्याचे फवारे. दुसऱ्या टोकाला घरातलं मशिन. एअर प्युरिफायरवरचा १८ टक्के जीएसटी कमी करा, त्याला वैद्यकीय उपकरण माना, ही मागणी डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. आखातात बसून हे वाचताना खटकतं ते एवढंच की शहर आणि मशिन यांच्या मधे एक इमारत असते आणि तिचं नाव कुणी काढत नाही.

इथे धूळ ही बातमी नसते. जून-जुलैत शमाल, म्हणजे वायव्येचा जोरदार वारा, सुटला की इराक-कुवेतच्या बाजूने पिठासारखी माती दिवसेंदिवस वाहत राहते. त्यामुळे मोठ्या इमारतीत धुळीचा विचार नकाशावरच होतो. ताजी हवा जिथून आत घ्यायची त्या तोंडाशी सँड ट्रॅप लूव्हर बसवतात. पत्र्याच्या उभ्या, वळवलेल्या पट्ट्यांच्या दोन रांगा, एका रांगेच्या फटीसमोर दुसरीची पट्टी. हवा सहज वळते, वाळूचा जड कण वळू शकत नाही. तो पट्टीवर आपटून खाली घसरतो आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतो. ना वीज, ना फिल्टर. मात्र हवेचा वेग सेकंदाला साधारण १ मीटरच्या आसपासच हवा. जागा वाचवायला लूव्हर अर्ध्या आकाराचा घेतला की वेग दुप्पट होतो आणि वाळू हवेबरोबर आत जाते. बारीक धुळीला लूव्हर अडवत नाही, ते त्याचं कामही नाही.

त्याच्यामागे जाड्या धुळीसाठी जी४ प्रतीचा पॅनेल फिल्टर आणि मग बारीक धुळीसाठी एफ७ प्रतीचा पिशवी फिल्टर. ही नावं जुन्या पद्धतीची, पण बाजारात अजून तीच चालतात. २०१६ पासूनच्या आयएसओ १६८९० या आंतरराष्ट्रीय मानकात फिल्टर कोणत्या आकाराचे किती कण अडवतो ते थेट लिहितात. ‘ईपीएम१ ६० टक्के’ म्हणजे १ मायक्रॉनपर्यंतच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) कणांपैकी ६० टक्के अडले. अमेरिकी मोजणीतला मर्व्ह १३ साधारण याच पंगतीत बसतो: ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण. कार्यालयाला आणि शाळेला एवढं पुरतं. सगळ्या इमारतीला हेपा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणारा दाट फिल्टर, लावण्याचा हट्ट बहुतेक वेळा विक्रेत्याचा असतो.

फिल्टर निवडण्याइतकंच तो कधी बदलायचा हे महत्त्वाचं, आणि इथे कॅलेंडर उपयोगाचं नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना नळ्या लावून दाबातला फरक दाखवणारा मीटर बसवतात. जी४ चा फरक १५० पास्कलला पोचला, एफ७ चा २०० ला पोचला की बदला. एरवी तीन महिने टिकणारा पुढचा फिल्टर वादळाच्या एका आठवड्यात भरतो. किनाऱ्यावर आणखी एक भानगड होते. पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, हवेत मीठ, वर धूळ. मीठ पाणी ओढतं, धुळीचा चिखल होतो आणि सकाळी तोच फिल्टर सुकलेल्या शेणाच्या पोवासारखा लागतो. तो झटकून परत लावू नये.

फिल्टर काढला की त्याच्यामागचा पत्रा बघावा. चौकटीच्या कडेने करड्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर हवा फिल्टरमधून नाही, बाजूने जाते आहे. गॅस्केट दबलेलं असतं, क्लिप तुटलेली असते किंवा दोन फिल्टरांमधे बोटभर जागा असते. भरलेला फिल्टर हवेला जितका अडवतो तितकी हवा त्या फटीकडे जास्त पळते, म्हणून चांगल्या प्रतीच्या फिल्टरला ही फट जास्त महागात पडते.

आता हेच तर्कशास्त्र एका खोलीला लावा. ४ बाय ५ मीटरची खोली, उंची ३ मीटर, म्हणजे ६० घनमीटर हवा. प्युरिफायरचा सीएडीआर, म्हणजे तो गाळून किती स्वच्छ हवा देतो त्याचा आकडा, ताशी ३०० घनमीटर, म्हणजे तासाला पाच वेळा खोलीभर हवा गाळली जाते. खिडक्या नेहमीच्या सरकत्या, फटींतून तासाला दोन खोल्यांइतकी बाहेरची हवा येते. बाहेर पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, जर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर आत तो २ भागिले ७, म्हणजे २९ च्या आसपास स्थिरावेल. फटी बुजवून गळती तासाला अर्ध्या खोलीवर आणली की त्याच मशिनवर आकडा ९ होतो. गळती तशीच ठेवून ९ गाठायचे असतील तर तसलीच चार मशिनं लागतील. खिडकी उघडी ठेवली आणि तासाला दहा वेळा हवा बदलली तर आतला आकडा ६७, म्हणजे मशिन फक्त वीज खातंय. भिंतींवर आणि फरशीवर आपोआप बसणारी धूळ या हिशेबात धरलेली नाही, पण प्रमाण कळायला तो पुरे आहे.

फट शोधायला उपकरण लागत नाही. स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करा, बाकी सगळं बंद करा आणि टिश्यूची पट्टी खिडकीच्या कडेने फिरवा. ती आतल्या बाजूला फडफडली की तिथून धूळ येते. सरकत्या खिडकीत दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात ती मधली कड आणि खालच्या रुळाची पाणी जायची भोकं, हे दोन मुख्य गुन्हेगार. कडेला केसाळ ब्रशपट्टी लावायची, दाराखाली रबरी पट्टी. भोकं मात्र बुजवायची नाहीत, पावसाचं पाणी आत येईल. बाहेरून झडप असलेली टोपी लावायची. आणि एक्झॉस्ट दिवसभर चालू ठेवायचा नाही. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत शिरतेच.

फटी बुजवल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तिकडच्या चर्चेत तो हमखास सुटतो. प्युरिफायर ऑक्सिजन आणत नाही, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. स्प्लिट एसीही बाहेरची हवा घेत नाही. त्याची जाळी फक्त तंतू आणि केस अडवते. घट्ट बंद खोलीत दोन माणसं झोपली तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०००) पुढे जातो. बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. डोकं जड होतं आणि दोष एसीला मिळतो. उपाय छोटा आहे: एफ७ फिल्टर लावलेला आत हवा फेकणारा पंखा, ताशी ६० घनमीटरचा. दोन माणसांना तेवढी हवा पुरते, आणि आतला दाब किंचित जास्त राहिल्याने उरलेल्या फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. इथल्या इमारतींची खरी युक्ती हीच आहे: जितकी हवा बाहेर फेकायची त्यापेक्षा थोडी जास्त आत घ्यायची. किंमत मोजावी लागते ती गारव्यात. दमट किनाऱ्यावर एवढ्या हवेतून तासाला ७०० मिलिलिटरच्या आसपास पाणी एसीला काढावं लागतं. दिवसाचा हिशेब १७ लिटरवर जातो.

मशिन घेताना सीएडीआर बघा, पण तो सर्वांत मोठ्या वेगावरचा असतो हे लक्षात ठेवा. त्या आवाजात कुणी झोपत नाही. मधल्या वेगावर तासाला चार-पाच फेऱ्या होतील असं मशिन घ्यावं. कोळशाचा पातळ थर मारलेली जाळी वासापुरतीही फार दिवस टिकत नाही. आयन सोडणाऱ्या यंत्रांपासून लांबच राहावं. त्यातली काही ओझोन तयार करतात. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांना ०.०५० पीपीएमची मर्यादा आहे ती उगीच नाही.

मशिनवरच्या हिरव्या दिव्यावर फार विसंबू नये. आतला स्वस्त लेझर सेन्सर धुरातले बारीक कण बरे मोजतो, पण मातीचे जाडे कण त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसलेली आणि ऑटो मोडमधलं मशिन निवांत, हे दृश्य इथे वादळाच्या प्रत्येक दिवशी दिसतं. धुळीच्या दिवशी वेग हाताने वाढवायचा. फिल्टर बदलायची सूचनाही बऱ्याच मशिनांत फक्त तास मोजून येते. बाहेरची जाळी आठवड्याला व्हॅक्यूमने साफ करा. ती धुतली तर पूर्ण वाळवूनच लावा. हेपा धुवायचा नाही, पाण्याने त्याचे तंतू आणि चिकटवलेल्या कडा दोन्ही जातात. एसीच्या जाळीमागे हेपाचा कागद खोचण्याचा उपाय तर करूच नका. त्या पंख्यात तेवढा दाब नसतो. हवा कमी होते, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की पाणी भिंतीवरून गळतं.

हे सगळं तिकडे जसंच्या तसं नेता येत नाही, आणि इथून सल्ले देणाऱ्यांनी ते आधी कबूल करावं. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात उन्हाळा कूलरवर निघतो. कूलरचं तत्त्वच उलटं आहे: खिडकी उघडी हवी, तासाला वीस-तीस वेळा हवा बदलायला हवी. त्या खोलीत प्युरिफायर लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. ओली गवतपट्टी किंवा हनीकोंब पॅड जाडी धूळ बऱ्यापैकी धरतं, बारीक कण सोडून देतं. तिथे पॅड आणि टाकी दर आठवड्याला धुवा, टाकीतलं पाणी बदला आणि मशिनचे पैसे वाचवा. दम्याचा रुग्ण असेल तर एकच खोली कूलरविना, फटी बुजवून, छोट्या मशिनवर ठेवावी. वीज जाते तिथे पूर्ण बंद खोलीला उघडणारी खिडकी लागतेच.

इथलंही सगळं आदर्श नाही. दुबईत घरातल्या पीएम १० साठी आठ तासांची मर्यादा १५० मायक्रोग्रॅम आहे. भारताचं बाहेरच्या हवेचं २४ तासांचं मानक १००, जागतिक आरोग्य संघटनेचं ४५. मोजण्याचे तास वेगळे असल्याने सरळ तुलना होत नाही, पण काचेची इमारत म्हणजे शुद्ध हवा हा समज सोडून द्यावा. शिवाय लूव्हर आणि एफ७ कार्यालयांच्या वाट्याला येतात. कामगार वस्तीत खिडकीतला एसी असतो आणि त्याची व्हेंट उघडी राहिली की न गाळलेली धूळ सरळ उशीवर.

सोसायटीच्या सभागृहासाठी किंवा शाळेसाठी यंत्रणा घ्यायची चर्चा निघाली तर कोटेशन मागवण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ताजी हवा ताशी किती घनमीटर येणार, फिल्टर भरल्यावरही पंखा तेवढी हवा देणार का, आणि दाबाचा मीटर कुठे बसणार. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता ‘मीटर कशाला, आम्ही सहा महिन्यांनी बदलून देऊ’ म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा. पाऊस सुरू झाला की मुंबई-कोकणची हवा धुतली जाते. तेव्हा घरातलं मशिन बंद करून फिल्टर काढा, कोरड्या दिवशी वाळवा आणि पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मशिनमधेच राहिला तर ऑक्टोबरात पहिला वास बुरशीचा येईल.